आधी विचार, कुलूप कुणी लावलं

रडून झालं असेल तर तोंड धू आणि फोन चार्जिंगला लावून बस, कारण हे दोन मिनिटांत संपणारं बोलणं नाही. कापडवाल्याला पैसे पाठवताना तुझं पेमेंट अडकलं, मग एटीएमनं नकार दिला आणि शाखेतला पोरगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, ‘मॅडम, डेबिट फ्रीज आहे, वरून आलंय.’ वरून म्हणजे कुठून, ते त्यानं सांगितलं नाही आणि तुला विचारायचं सुचलं नाही. साहजिक आहे. मागे दहा माणसं रांगेत उभी असताना आपलं खातं गोठवलंय हे ऐकून कुणाला काय सुचणार? बँकेच्या काउंटरमागे नोकरी काढली मी. हे वाक्य ऐकल्यावर पुरुष बहुतेक भांडायला लागतात. बायका मात्र पासबुक पर्समध्ये टाकतात आणि गुपचूप निघून जातात.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते की हे घरात लपवू नकोस. तू लपवणार, हे मला माहीत आहे. शिवलेल्या नऊवारीचं काम सुरू केलंस तेव्हा तुझा दीर काय म्हणाला होता ते मी विसरले नाही. ‘अनोळखी लोकांकडून फोनवर पैसे घ्यायचे, उद्या काही झालं म्हणजे?’ आता काहीतरी झालंय आणि घरातलं पहिलं वाक्य ‘बघ, मी सांगत नव्हतो?’ हेच असणार. असू दे. एकदाच ऐकून घे आणि पुढच्या कामाला लाग. न सांगता तू काय करशील तेही सांगते. ऑर्डरी थांबू नयेत म्हणून नवऱ्याचा क्यूआर ग्राहकांना पाठवशील, त्याला धड कल्पनाही न देता. उद्या त्यातच एखादं गडबडीचं पेमेंट आलं तर त्याचं पगाराचं खातंही अडकेल, आणि तपास करणाऱ्याला वाटेल की खातं बंद पडताच हिनं पैसे दुसरीकडे वळवले. मग मात्र घरात बोलायला तोंड राहणार नाही.

आणि हे नीट समजून घे की खातं गोठवलं म्हणजे तू चोर ठरलीस असं नाही. त्याचा अर्थ इतकाच की कुणाच्या तरी चोरीचा माग तुझ्या खात्यावरून गेला, किंवा गेला असावा असा कुणाला तरी संशय आहे. तुझ्यावर गुन्हा नोंदलाय की नाही हा पुढचा, वेगळा प्रश्न. पुष्कळदा नोंदलेला नसतोच.

आता ते ‘वरून’ प्रकरण. खात्याला कुलूप लावणारे हात वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या ठिकाणी असते. लोक इथेच महिनेच्या महिने घालवतात. पोलिसांनी लावलेलं कुलूप बँक मॅनेजरनं काढावं म्हणून त्याच्या केबिनबाहेर बसतात, नाहीतर बँकेच्या केवायसीसाठी वकील गाठतात.

सगळ्यात साधं कुलूप केवायसीचं. ओळखपत्र, पत्ता वेळेत ताजा केला नाही की बँक व्यवहार अडवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं हे नूतनीकरण जास्त जोखमीच्या ग्राहकाचं दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्याचं आठ वर्षांनी आणि तुझ्यामाझ्यासारख्या कमी जोखमीच्या ग्राहकाचं दहा वर्षांनी व्हायला हवं. काही बदललेलं नसेल तर ‘बदल नाही’ असं स्वतः लिहून दिलं तरी चालतं. त्यासाठी शाखेत खेटे घालायला लावणं चुकीचं आहे. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी बजावलं की मुदत संपण्याआधी बँकेनं ग्राहकाला किमान तीनदा कळवायचं आणि त्यातलं एक तरी पत्रानं. तुझं पत्र माहेरच्या पत्त्यावर गेलं असेल तर ते आईनं देवघराच्या कपाटात जपून ठेवलं असेल, ते विचारून बघ. तसं असेल तर आधार, पॅन आणि एक फोटो घेऊन जा, विषय मिटतो. पण तुझ्या बाबतीत ते नसावं. केवायसीसाठी ‘वरून आलंय’ म्हणत नाहीत.

दुसरं कुलूप आयकर किंवा जीएसटी खात्याचं, थकबाकीसाठी. तुझी उलाढाल बघता ते सोडून दे. तिसरं ईडीचं. मनी लाँडरिंगचा कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ ला, आणि त्याखाली ईडी खातं गोठवू शकते, मालमत्ता तात्पुरती जप्त करू शकते. ही जप्ती १८० दिवसांच्या आत एका न्यायाधिकरणापुढे पक्की व्हावी लागते, नाहीतर ती सुटते. त्यात कागदपत्रं रीतसर येतात. नऊवारी शिवणाऱ्या बाईपर्यंत ईडी येत नाही, तेव्हा तो शब्द डोक्यातून काढून टाक. टीव्हीवर रोज ऐकून तो आपल्याला घरचाच वाटायला लागलाय.

मात्र या कायद्याचा एक भाग रोज प्रत्येक शाखेत चालू असतो आणि ग्राहकाला तो दिसत नाही. बँकेनं तुझी ओळख पटवायची, व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षं सांभाळायच्या आणि खटकणारं काही दिसलं तर दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचं, ही तिची कायदेशीर जबाबदारी आहे. महिन्यात दहा लाखांवर रोकड फिरली तर तो अहवाल जातोच. शिवाय संशयास्पद व्यवहाराचा अहवाल असतो, एसटीआर म्हणतात त्याला. म्हाताऱ्या पेन्शनर आजोबांच्या खात्यात अचानक रोज तीस-चाळीस पेमेंटं यायला लागली आणि संध्याकाळी शिल्लक पुन्हा शून्य, असलं काही दिसलं की यंत्रणा घंटी वाजवते. हा अहवाल पाठवल्याचं ग्राहकाला सांगायची बँकेला बंदी असते. म्हणजे काउंटरवरचा पोरगा गप्प बसतो तो दर वेळी माज म्हणून नाही. कधी त्याला सांगायची मनाई असते, आणि बऱ्याचदा त्याच्या स्क्रीनवर एका कोडपलीकडे काही दिसतच नसतं. पण हेही लक्षात ठेव, कारण शाखेतल्या लोकांनासुद्धा ते ठाऊक नसतं. नुसता एसटीआर पाठवला एवढ्यावरून खात्याच्या व्यवहारांवर बंधन घालायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतच लिहिलेलं आहे. मग बंधन घातलंय म्हटल्यावर त्यामागे आणखी काहीतरी कारण असायलाच हवं, आणि ते विचारायचा तुला हक्क आहे.

तुझ्या बाबतीत मला वाटतं ते चौथं कुलूप आहे. सायबर पोलिसांचं.

हे कसं होतं ते सावकाश सांगते. समज, कुठल्यातरी गावात एका निवृत्त मास्तरांना कुणीतरी फसवून पाच लाख काढून घेतले. त्यांच्या मुलीनं लगेच १९३० ला फोन केला. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर. तक्रार नोंदली की गृह मंत्रालयाच्या एका यंत्रणेतून तिचा माग बँकाबँकांत धावायला लागतो. ही यंत्रणा २०२१ पासून आहे. मास्तरांचे पाच लाख पहिल्यांदा ज्या खात्यात गेले ते पहिला थर. तिथून ते मिनिटांत दहा खात्यांत फुटले, तो दुसरा थर. तिथून पन्नास खात्यांत. शेवटी कुणी एटीएममधून काढले, कुणी क्रिप्टो घेतलं, कुणी मोबाइल घेतला आणि कुणा एकीनं इन्स्टाग्रामवर बघून तुझी जांभळी पेशवाई नऊवारी मागवली. तिच्या हातात आले ते पैसे कुठून फिरून आले हे तिला ठाऊक असेल, नसेलही. तुला तर नसणारच. तू मापं घेतलीस, शिवलीस, कुरिअर केलंस. पण मास्तरांच्या तक्रारीच्या मागात चौथ्या-पाचव्या थरावर तुझं खातं उमटलं, आणि बँकेला निरोप गेला की हे थांबवा.

घाई का असते तेही समजून घे. हे पैसे अर्ध्या तासात हातचे जातात. आधी चौकशी करून मग अडवायचं ठरवलं तर मास्तरांना एक छदामही परत मिळणार नाही. म्हणून आधी अडवतात, नंतर बघतात. इथपर्यंत मला पटतं. उद्या आपल्या आईला कुणी असं लुबाडलं तर आपणही म्हणणार की पैसे गेले त्या सगळ्या खात्यांना कुलूप घाला.

पटत नाही ते पुढचं. वादातले पैसे चार हजार असतील तर चार हजार अडवा. लिएन म्हणतात त्याला, तेवढी रक्कम बाजूला राहते आणि बाकीचं खातं चालू राहतं. पण पुष्कळदा पत्रात रक्कमच नीट लिहिलेली नसते, किंवा लिहिलेली असूनही बँक आपली मान वाचवायला सगळं खातं गोठवून मोकळी होते. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाचं असंच झालं. त्याच्या खात्यात आलेले १०५ रुपये कुठल्यातरी फसवणुकीच्या पैशातले निघाले आणि लाखावर शिल्लक असलेलं त्याचं पूर्ण खातं बंद झालं. बिचारा उच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की १०५ रुपये अडवून ठेवा आणि खातं चालू करा. १०५ रुपयांसाठी उच्च न्यायालय! न्यायमूर्तींनी त्याच्या पोटापाण्याच्या हक्काचा विचार केला हे बरं झालं, पण भटुरे तळायचे सोडून वकील शोधायची पाळी त्याच्यावर आलीच ना? केरळ उच्च न्यायालयानं तर त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये, बँकांना सांगितलं होतं की पोलिसांनी जेवढ्या रकमेचा उल्लेख केलाय तेवढीच अडवा. पण कोर्ट सांगतं आणि शाखेपर्यंत ते झिरपत येता येता वर्षं जातात.

पोलीस हे कुठल्या अधिकारात करतात, हे तू विचारशील. बँक खातं ही ‘मालमत्ता’ आहे आणि तपासात पोलीस ती अडवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये म्हटलं. ते प्रकरण आपल्याच महाराष्ट्र सरकारचं होतं, एका सरकारी नोकराविरुद्धचं. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम १०६ झालं. त्यात एक अट आहे, ती वहीत लिहून ठेव. जप्ती केली की पोलिसांनी विनाविलंब मॅजिस्ट्रेटला कळवायचं. शेजारी कलम १०७ आहे. गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर टाच आणायची तर पोलिसांना मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते, असं ते सांगतं. खातं गोठवायला यातलं कुठलं कलम लागतं यावर आता कोर्टात वाद रंगलेत. तू त्या वादात पडू नकोस. पण तुझ्या पत्रव्यवहारात ‘कोणत्या कलमाखाली, आणि मॅजिस्ट्रेटला कधी कळवलं’ हे दोन प्रश्न असले की समोरच्याला कळतं, बाई कुणाला तरी विचारून लिहितेय.

आता उद्या सकाळी काय करायचं ते. शाखेत जा, पण काउंटरवर उभी राहू नकोस. मॅनेजरला भेट आणि तोंडी काहीही न विचारता लेखी अर्ज दे. दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन ये. शिक्का द्यायला का-कू करतील. तेव्हा तिथेच शांतपणे खुर्चीत बसून राहायचं, तू बसू शकतेस, तुझ्या सासूबाईंच्या तीन तासांच्या पूजेत बसतेसच की. अर्जात इतकंच विचारायचं: बंदी कुणाच्या सांगण्यावरून आली, कोणतं पोलीस ठाणं, कोणतं राज्य, तक्रारीचा पोचक्रमांक काय, कोणता व्यवहार वादात आहे, त्याचा यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळखक्रमांक) आणि रक्कम किती, आणि अडवलंय ते पूर्ण खातं की फक्त तेवढी रक्कम. तपास अधिकाऱ्याचा सरकारी ईमेल आणि फोनही माग. ही माहिती बँकेकडे असते. ‘गोपनीय आहे’ म्हणाले तर सांग, मी एसटीआरबद्दल विचारत नाहीये, मला पोलिसांच्या पत्राचा संदर्भ हवाय. हे वाक्य जसंच्या तसं म्हण. बहुतेक मॅनेजर याच्यापुढे हुज्जत घालत नाहीत.

यूटीआर मिळाला की अर्धी लढाई तुझ्या हातात आली. त्या नंबरावरून स्टेटमेंटमध्ये ते पेमेंट शोध, म्हणजे कुठल्या ताईच्या नऊवारीचे पैसे ते कळेल. मग त्या ऑर्डरची सगळी जंत्री गोळा कर. तिच्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, तिनं पाठवलेली कंबर-उंचीची मापं, साडीचा फोटो, तुझं बिल, कापडाची खरेदी पावती, कुरिअरची पावती, पार्सल पोचल्याची नोंद. तू बिलं करतेस ना? नेहमी नाही, असं आता म्हणशील. या वेळी जे आहे ते लाव, यापुढे प्रत्येक ऑर्डरचं बिल कर, मग ती ब्लाउजची एक बाही का असेना.

हे सगळं एका पत्रासोबत तपास अधिकाऱ्याला ईमेल कर आणि स्पीड पोस्टानंही पाठव. पत्र छोटं लिही. मी अमुक, हा माझा व्यवसाय, हे पैसे या मालाचे, माल अमुक तारखेला पोचवला, तक्रारदाराशी माझा संबंध नाही, वादातली रक्कम हवी तर अडवून ठेवा पण बाकीचं खातं मोकळं करावं असं बँकेला कळवा. रडगाणं लिहायचं नाही, रागही नाही. पोलीस ठाणं बहुधा परराज्यातलं असेल आणि पहिल्या ईमेलला उत्तर येणार नाही. दुसरा पाठव, फोन कर, फोन केल्याची तारीख-वेळ टिपून ठेव. त्यांच्याकडेही अशा पत्रांचा ढीग असतो. समजुतीनं बोलणाऱ्या बाईचं पत्र ढिगातून वर निघायची शक्यता जास्त, असा माझा अनुभव आहे. बयान द्यायला बोलावलं तर एकटी जाऊ नकोस, वकील घेऊन जा.

कुणी म्हणेल, ‘ताई, वादातली रक्कम तक्रारदाराच्या खात्यावर टाका, लगेच काम होईल.’ ठाण्यातूनच फोन आला असं म्हटलं तरी फोनवरच्या शब्दावर पैसे पाठवायचे नाहीत. परत करायचेच ठरलं तर लेखी, पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या मार्फत आणि पावती घेऊन. आणि ‘मी खातं सोडवून देतो’ म्हणणारे एजंट आता पैशाला पासरी झालेत. त्यांच्याकडे तुझा पासवर्ड आणि आधार गेलं की एका लचांडाची दोन होतात.

बँकच टाळाटाळ करत असेल, माहिती देत नसेल, चार हजारांसाठी सगळं अडवून बसली असेल, तर तिच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, घरबसल्या ऑनलाइन होतं आणि १४४४८ वर फोन करून विचारताही येतं. पण लोकपाल पोलिसांचा आदेश रद्द करणार नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नकोस. पोलीसच हलत नसतील तर मग मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. तिथे वकील लागेल. उच्च न्यायालय त्याच्याही नंतर. खर्चाचा हिशेब करून मगच. अडकलेत चार हजार आणि वकिलाची फी चाळीस, असला हट्ट आपल्याला परवडणारा नाही. पण पूर्ण खातं अडकलं असेल तर हिशेब वेगळा होतो.

तोवर घर चालवायचंय. डेबिट फ्रीज म्हणजे पैसे बाहेर जात नाहीत, आत मात्र येत राहतात. हे पुष्कळांना कळतच नाही. म्हणजे तुझ्या जुन्या क्यूआरवर ग्राहक पैसे टाकत राहतील आणि ते सगळे आत अडकत जातील. आज रात्रीच इन्स्टावरून आणि दुकानाच्या भिंतीवरून तो क्यूआर काढ. शिलाई मशीनचा हप्ता याच खात्यातून जातो ना? तो परत गेला की बँक दंड लावेल आणि सिबिलला डाग लागेल. कर्ज देणाऱ्या कंपनीला आजच कळव आणि हप्ता हातानं भर. नवऱ्याला यात घे. त्याच्या खात्यातून पैसे घ्यायचे तर उसने म्हणून, त्याला सांगून, नोंद करून घे.

आणि हे प्रकरण मिटलं की दोन वेगळ्या बँकांत दोन खाती ठेव. धंद्याचं एक, घरखर्चाचं दुसरं. अनोळखी लोकांचे पैसे पहिल्यात येऊ दे, दर आठवड्याला तुझी कमाई दुसऱ्यात टाक. माग तिथेही जाऊ शकतो, पण निदान पोरीच्या शाळेची फी एका अनोळखी बाईच्या पेशवाईपायी अडणार नाही.

धंद्यातल्या आणखी एक-दोन गोष्टी आहेत. कुणी जास्त पैसे पाठवून ‘चुकून आले, या दुसऱ्या नंबरवर परत करा’ म्हटलं तर करू नकोस. ज्या खात्यातून आले तिथेच परत जातील, तेही बँकेला विचारून. ‘तुम्हाला ऑनलाइन पाठवतो, मला रोख द्या, एटीएम लांब आहे’ म्हणणारा शेजारी असला तरी नाही म्हण. त्याच्याकडे ते कुठून आले तुला काय ठाऊक?

आता जरा कडू बोलते. तुझा मामेभाऊ गेल्या दिवाळीत काय विचारत होता ते मला कळलंय. त्याच्या मित्राला थोडे दिवस ‘एक खातं हवंय’, दर व्यवहारामागे कमिशन, तुला काही करायचं नाही, फक्त एटीएम कार्ड आणि सिम द्यायचं. तू नाही म्हणालीस हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! असं खातं भाड्यानं देणाऱ्याला पोलिसांच्या भाषेत ‘म्यूल’ म्हणतात, आणि मास्तरांचे पाच लाख पहिल्यांदा जातात ते अशाच कुणाच्या तरी नावावर. होस्टेलवरची पोरं, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका यांची खाती काही हजारांत विकत घेतात. फसवणारा परदेशात बसलेला असतो आणि गुन्हा मात्र ज्याचं नाव पासबुकावर आहे त्याच्यावर. मनी लाँडरिंगच्या कायद्यात तीन ते सात वर्षं सक्तमजुरी आहे, आणि जाणूनबुजून मदत करणाराही त्यातच मोजला जातो. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं अशी खाती हुडकायला म्यूलहंटर नावाची यंत्रणा तयार केलीय, ती व्यवहारांची चाल बघूनच अशी खाती ओळखते. मामेभावाला पुन्हा विचारायची हिंमत झाली तर मला फोन करायला सांग. मामीला काय वाटेल ते वाटो.

आणि एक सावधगिरी, कारण तू आत्ता घाबरलेली आहेस आणि घाबरलेल्या माणसाचा वास चोरांना लांबून येतो. येत्या दिवसांत तुला फोन येऊ शकतो. सीबीआय, ईडी, कस्टम, मुंबई पोलीस, कुणीही असेल. व्हिडिओवर गणवेश दिसेल, मागे अशोकस्तंभ दिसेल. ‘तुमच्या खात्यातून मनी लाँडरिंग झालंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, शिल्लक तपासणीसाठी या सुरक्षित खात्यात टाका.’ आपलं खातं खरोखरच गोठलेलं असताना हे ऐकलं की माणूस चटकन विश्वास ठेवतो. डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं. कुठलंच सरकारी खातं तपासणीसाठी पैसे मागवत नाही. फोन ठेव, १९३० ला कळव आणि मग मला सांग. आईलाही हे आधीच सांगून ठेव, ती गणवेश बघून उभी राहून नमस्कार करणारी आहे.

रविवारी मी येते. तोवर मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून ठेव, ऑर्डरींची वही शोध आणि मॅनेजरचा तो शिक्का मिळव. ईमेल दोघी बसून लिहू. नवऱ्यालाही घरीच थांबायला सांग, त्याचं मराठी टायपिंग आपल्या दोघींपेक्षा चांगलं आहे.